मीटरवरचा भंडारा

हिंदुराव गडद्यांनी तीसेक वर्षं विटा-आटपाडी रस्त्यावर वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप चालवली, आणि त्यातली बहुतेक वर्षं मीटरकडे ढुंकूनही न बघता. बघण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं. वेगाचा काटा एकदा चाळिसावर जाऊन बसला तो बसलाच. जीप फाट्यावर उभी असली तरी चाळीस, उतारावरून सुसाट निघाली तरी चाळीस. म्हाताऱ्याकोताऱ्या तो काटा बघून निर्धास्त व्हायच्या, की ड्रायव्हर शहाणा आहे, पळवत नाही. डिझेलचा काटा कायम टाकी भरलेली दाखवायचा. खरं डिझेल किती ते टाकीत निरगुडीची काडी घालून बघायचं. इंजिन तापल्याचं सांगणारा काटा तर निखळून काचेच्या तळाशी पडला होता, आणि दर दसऱ्याला उधळलेला भंडारा फटीतून आत जाऊन त्याच्यावर पिवळा थर साचला होता.

राहता राहिले दिवे. ते हिंदुरावांनी स्वतःहून काढायला लावले. झालं असं, की एकदा जीप खच्चून भरलेली असताना खरसुंडीच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. पुढं बसलेल्या एकानं तो बघितला, मागच्याला सांगितला, आणि बघता बघता सगळी जीप रिकामी होऊन मागून आलेल्या दुसऱ्या वडापात जाऊन बसली. जीपला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, नुसती वायर घासली होती. हिंदुराव तसेच मोकळ्या गाडीनं विट्याला गेले आणि लालासाहेब मिस्त्रीच्या दारात जीप लावून म्हणाले, "लालासाहेब, समदं बल्ब काढ. लाल दिवा लागला की पाशिंजर उतरतंय."

"आरं, पर ते तुझ्यासाठी असत्यात की," लालासाहेब म्हणाला.

"दिवं भैऱ्यांसाठी असत्यात गड्या. ज्याला कान हायती त्याला दिवा कशाला पायजे?"

हे वाक्य पुढं त्यांनी भिवघाटच्या चहाच्या टपरीवर किती वेळा ऐकवलं याला गणती नाही. पण ती नुसती बढाई नव्हती. हिंदुरावांचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. तळावर घोंगडं पांघरून पडल्या पडल्या, कळपात कुठलं मेंढरू खोकलं आणि कुठलं लंगडतंय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. मेंढरं गेली, जीप आली, कान मात्र तोच राहिला. पट्टा ढिला झाला की कसा चिवचिवतो, बेअरिंग जायच्या आधी कसं घुरघुरतं, सगळं हिंदुरावांना पाठ होतं. मागच्या बाकावर एखादं पोर उलटी करणार असेल तर तेसुद्धा त्यांना आधी कळायचं, असं लोक म्हणत. आता लोक काय, काहीही म्हणतात, पण गाडी वेळेवर थांबायची एवढं खरं.

आणि दुसरं म्हणजे त्यांना अंजना होती. आटपाडीच्या बाजारादिवशी ती पुढं, त्यांच्या डाव्या अंगाला बसायची. तिच्या पलीकडे आणखी दोघीतिघी कोंबलेल्या असत, मागं बारापंधरा माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. त्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू जाणार? म्हणून अंजनानं थापांची भाषा काढली. नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे सगळे बसले, दारं लागली, चल. दोन थापा म्हणजे थांब. बास, एवढीच भाषा, आणि ती तीस वर्षं पुरली.

जीप चढाला थांबली, की खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावायचं कामही तिचंच. हॅन्डब्रेकची तार जीप घेतली त्याच वर्षी तुटली होती आणि ती जोडून घ्यावी असं दोघांनाही कधी वाटलं नाही. दगड रस्त्यावर फुकट मिळत होते. हॅन्डब्रेकचा दांडा अंजना पिशवी अडकवायला वापरायची. पिशवीत भाकरी, कांदा, परत येताना भाजी आणि मायासाठी शेवेची पुडी. माया त्यांची एकुलती एक लेक. ती लहानपणी दोघांच्या मधोमध, इंजिनाच्या गरम झाकणावर घोंगडं टाकून बसायची आणि तिथंच पेंगायची.

काय दिवस होते ते. आता त्या रस्त्याला वडाप औषधाला सापडत नाही. ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल आहे, आणि कोंबड्यांची पाटी घेऊन कुणी बाजारालाही जात नाही.

हिंदुरावांनी जीप सोडली ती मात्र वडाप बंद पडलं म्हणून नव्हे. एके दिवशी भर चढाला मागच्या बाकावरची एक बाई पुढं वाकून ओरडली, "आवं डायवर, गाडी कवाधरनं किंचाळतीया, ऐकू यीना व्हय?" त्यांनी जीप बाजूला घेतली, झाकण उघडलं. पट्टा चिरत आला होता. हिंदुराव त्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले. गाडी किंचाळत होती आणि त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. चिमण्या ऐकू येत नव्हत्या. फोनची रिंग ऐकू येत नव्हती. ट्रॅक्टर यायचा, माणसाचं बोलणं उजव्या बाजूनं बरंचसं यायचं. डावा कान जवळपास गेलाच होता. जाड आवाज तेवढे उरले होते आणि बारीक सगळे चाळणीतून गळून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप गोठ्याशेजारी लावली आणि जाहीर केलं, की गुडघे धरलेत, क्लच दाबवत नाही. सगळ्यांना पटलं. तीस वर्षं क्लच दाबल्यावर गुडघे धरणारच. कानाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या माणसानं उभा जन्म भैऱ्यांना हसण्यात घालवला, त्यानं आता कुठल्या तोंडानं सांगायचं? अंजना रोज संध्याकाळी गरम तेलाची वाटी घेऊन त्यांचे ठणठणीत गुडघे चोळत बसायची आणि हिंदुराव अधूनमधून "आई गं" म्हणायचे. असा तो संसार चालला होता. पुढं जीप भंगारात गेली. ती उचलून नेली त्या दिवशी हिंदुराव शेताकडे जाऊन बसले होते.

आणि आता माया गाडी घेऊन आली. माया पाचगणीला एका निवासी शाळेत गणित शिकवते. स्वतःच्या पगारावर साताऱ्यातून नवीकोरी लाल गाडी घेतली आणि तीच चालवत गडदेवाडीला आली. येण्याआधी फोनवर तिनं एकच सांगितलं होतं: गाडी पहिल्यांदा आरेवाडीच्या बिरोबाला न्यायची, आणि चालवायची आबांनीच. हा निरोप अंजनानं नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसून, सावकाश, दोनदा सांगितला. हिंदुराव म्हणाले, "गुडघ्याचं बघू." पण गाडी दारात आल्यावर त्यांचा हात आपोआप तिच्या पाठीवरून फिरला. मनात काय होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यांना मरायच्या आधी एकदा तरी चाकामागं बसायचं होतं. आणि लेकीसमोर भैरा म्हणून उतरायचं नव्हतं.

सकाळी कडुलिंबाखाली मायानं त्यांना चालकाच्या जागेवर बसवलं. उजव्या दाराशी ती स्वतः उभी राहिली, डावीकडे अंजना बसली. मायानं किल्ली फिरवली आणि सगळी काच एकदम उजळली. लाल, पिवळे, हिरवे, दिवाळीसारखे दिवे.

"समदंच बिघडलं का काय?" हिंदुराव दचकून म्हणाले.

"नाही आबा. गाडी स्वतःला तपासून बघते. आता बघा, एकेक विझेल."

खरंच एकेक विझत गेला. हिंदुरावांना ते फार आवडलं. त्यांनी किल्ली बंद करून पुन्हा फिरवायला लावली.

मग माया शिकवत गेली. शाळेत शिकवते तशीच, खालच्या पट्टीत न बोलता, स्पष्ट. ही चहाच्या किटलीसारखी आहे ना, ती तेलाची. ही पाण्यात बुडालेली किल्ली, म्हणजे इंजिन तापलं. हा पोटाला पट्टा बांधलेला माणूस म्हणजे सीटबेल्ट. हा कढईसारखा वाकडा आकार आणि त्यात उद्गारचिन्ह, म्हणजे टायरात हवा कमी. आणि सगळ्यात सोपं म्हणजे रंग लक्षात ठेवायचा. लाल म्हणजे ताबडतोब थांबायचं. पिवळा म्हणजे घाई नाही, पोचल्यावर बघायचं. हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, एवढंच.

"लाल थांब, पिवळा पोचल्यावर बघ," हिंदुराव पुटपुटले. एरवी नवीन काही म्हटलं की नाक मुरडणारा हा माणूस आज पोरासारखा धडा गिरवत होता. मायाला कौतुक वाटलं. तिला काय माहीत, की त्या काचेत त्यांना काय दिसत होतं. जे कानानं गेलं ते डोळ्यांनी परत मिळत होतं. तेल, पाणी, हवा, सगळं ही काच न बोलता सांगत होती. लालासाहेबाकडून काढून टाकलेले दिवे जणू व्याजासकट परत आले होते.

"आणि ही मधली चौकट बघा. अजून किती किलोमीटर जाईल एवढं पेट्रोल आहे ते दाखवते. आई, तुझं दार उघड बरं."

अंजनानं दार उघडलं. चौकटीत गाडीचं चित्र आलं, डावं दार उघडं असलेलं. तिनं लावलं, चित्र गेलं. तिनं दोनतीनदा उघडझाप करून बघितली आणि मग हात मांडीवर घेऊन म्हणाली, "म्हंजी माझं काम गेलं म्हणायचं."

तिनं ते हसत म्हटलं होतं, पण बंद गाडीत हिंदुरावांना ते उजव्या कानानं बरोबर ऐकू आलं आणि मनाला लागलं. 

"आणि काही चुकलं, की दिव्याबरोबर आवाज पण येतो," माया म्हणाली. तिनं काहीतरी केलं आणि बारीक टिंगटिंग सुरू झाली. अंजनानं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मायानं आवाज बंद केला. त्यानंतर थोड्या वेळानं हिंदुराव मान हलवून म्हणाले, "व्हय, व्हय, चांगला खणखणीत हाय." अंजना खिडकीबाहेर लिंबाकडे बघत राहिली.

पूजेचं सगळं धोंडुबाईच्या हातात होतं. ही हिंदुरावांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, आणि देवाच्या बाबतीत तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि मग भंडाऱ्याची वाटी घेऊन गाडीवर तुटून पडली. टपावर भंडारा, चाकावर भंडारा, आरशावर भंडारा. शेवटी आत वाकून, बोटं ओली करून, मीटरच्या काचेवर चांगला ढळढळीत पट्टा ओढला.

"आत्ती, तिथं नको, तिथं दिवे आहेत," माया म्हणाली.

"आगं, मग देव काय अंधारात ठिवायचा?" धोंडुबाई म्हणाली.  आणि लावलेला भंडारा पुसायचा नसतो. मायानं एवढंच बघितलं, की वेगाचा काटा दिसतोय आणि मधली चौकट दिसतेय. खालच्या एका कोपऱ्यावर पट्टा होता, तेवढा राहू दे म्हणाली.

नैवेद्याची भांडी आणि भावकीतली मंडळी टेम्पोतून पुढं निघाली. माया टेम्पोच्या मागच्या फळक्याशी उभी राहिली, कारण तिला आबा गाडी चालवताना मोबाईलवर टिपायचे होते. लहानपणी तिनं वडिलांना कायम बाजूनंच बघितलं होतं. समोरून, काचेतून, कधीच नाही. "माझ्या मागं मागं या, सावकाश," असं सांगून ती चढली. गाडीत हिंदुराव, डावीकडे अंजना, मागं धोंडुबाई. अंजनानं प्रसादाची पिशवी सवयीनं दोघांच्या मधल्या दांड्याला अडकवली आणि पदर सारखा केला. मागचं दार लागल्याचं बघून तिनं हात उचलला, पण थाप मारली नाही. चौकटीत दाराचं चित्र नव्हतं, म्हणजे दार लागलं होतं. हात परत मांडीवर ठेवला.

लिंबं चिरडून गाडी निघाली. जरा जड निघाली, पण नव्या गाडीचं अंग आखडलेलं असणार असं हिंदुरावांनी धरलं. गाव मागं पडलं, रस्ता लागला, आणि त्यांचा ऊर भरून आला. पायाला क्लच, हाताला चाक, डाव्या अंगाला अंजना, समोर माळरान. काही विसरलं नव्हतं. प्रत्येक बाभूळ ओळखीची होती. इथं आपण पाण्यासाठी थांबायचो. इथं तो शाळामास्तर चढायचा आणि पैसे उद्या देतो म्हणायचा. पुढं टेम्पोत लेक उभी होती, मोबाईल धरून, वाऱ्यानं केस उडालेले. हिंदुरावांना वाटलं, की आता काही मागायचं उरलं नाही.

एवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की काचेवर, भंडाऱ्याच्या पट्ट्याआड, एक दिवा लागलेला आहे.

त्यांनी नीट बघितलं. गोल होता, मधे उद्गारचिन्ह होतं, आणि रंग पिवळा होता. नारंगीकडे झुकणारा, पण पिवळाच. उद्गारचिन्ह म्हणजे हवा. पिवळा म्हणजे घाई नाही, पोचल्यावर बघायचं. हिंदुरावांना उलट समाधान झालं. लेकीनं शिकवलेलं पहिल्याच दिवशी कामाला आलं होतं. चौकटीत मधेच इंग्रजी अक्षरं उमटली, ती त्यांना वाचता येत नव्हती. हवेबद्दलच असणार.

मागं धोंडुबाई म्हणाली, "किती ग्वाड वाजतीया गं गाडी. देवाला चाललीया तर टाळ धरल्यागत."

हिंदुरावांना धोंडुबाईचं काही ऐकू आलं नाही आणि गाडीचंही नाही. अंजनाला दोन्ही ऐकू येत होतं. टिंग, टिंग, टिंग. गाव सुटल्यापासून ती वाजत होती आणि थांबत नव्हती. अंजनानं नवऱ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की तसा तिनं कैक वर्षांत बघितला नव्हता. बोलायचं तर ओरडून बोलावं लागणार, कारण ती त्यांच्या मेलेल्या कानाच्या बाजूला होती. ओरडलं, की मागं बसलेल्या नणंदेला कळणार. आज सांजपर्यंत सगळ्या भावकीला कळणार. बाईनं दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले.

रस्ता उताराला लागला. आणि मग वास आला. करपल्याचा, तव्यावर काहीतरी राहिल्यासारखा. तो हिंदुरावांच्या नाकापर्यंत पोचायचा होता, तेवढ्यात त्यांच्या डाव्या खांद्यावर थाप पडली. आणि लगेच दुसरी.

दोन थापा. हिंदुरावांच्या पायानं विचार केला नाही. ब्रेक दाबला गेला, चाक डावीकडे वळलं, गाडी मुरमावर जाऊन थांबली. गाडी पुरती थांबायच्या आत अंजनानं दार उघडलं, खाली उतरली, इकडंतिकडं बघून एक धोंडा उचलला आणि उताराच्या बाजूनं चाकाला लावला. तीस वर्षांची सवय, ती काय एका नव्या गाडीनं जाते?

पुढं टेम्पो थांबला होता. माया पळत आली. "काय झालं? आणि आई, दगड कशाला लावलास? हॅन्डब्रेक आहे ना गाडीला." ती दारातून आत वाकली आणि तशीच राहिली. प्रसादाची पिशवी ज्या दांड्याला लटकत होती, तो दांडा वर होता.

"आबा, हा तर ओढलेलाच आहे. पूजेच्या वेळी मीच दोन दात ओढला होता, अंगणाला उतार आहे म्हणून. तुम्ही सोडलाच नाही?"

हिंदुरावांनी त्या दांड्याकडे बघितलं. पिशवी अडकवायचा दांडा. ज्यानं जन्मात कधी हॅन्डब्रेक वापरला नाही, तो सोडणार कसा?

"दिवा लागला हुता," ते म्हणाले. "पर पिवळा हुता. तूच म्हणलीस, पिवळा पोचल्यावर बघायचा."

माया काचेजवळ वाकली. भंडाऱ्याच्या पट्ट्याआड हॅन्डब्रेकचा लालभडक दिवा पिवळा होऊन बसला होता. तिला हसावं का रडावं कळेना. मग तिचा चेहरा बदलला. "पण आबा, तो वाजत होता. सारखा वाजतो तो. तुम्हाला ऐकू नाही आला?"

प्रश्न साधा होता आणि त्याला दोनच उत्तरं होती. हिंदुरावांनी तोंड उघडलं. गुडघ्याचं काहीतरी सांगावं असं वाटलं, पण टिंगटिंगेला गुडघे लावता येत नाहीत. उतारावर गाडीत दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि ब्रेक करपत होते. 

"न्हाई आला," ते शेवटी म्हणाले. "लय दिस झालं, बारीक आवाज येतच न्हाई मला. डावा कान तर गेल्यालाच हाय." त्यांनी किल्ली काढली आणि मायाच्या हातावर ठेवली. "घे. तूच चालव. तुझा बा भैरा झालाय."

त्यांनी अंजनाकडे बघितलं नाही. बघायची लाज वाटत होती. अंजनाच दाराशी आली, वाकून पिशवी दांड्यावरून काढली, आणि उजव्या कानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गुडघ्याला त्याल लावून कान उघडत न्हाईत, येवढं काय मला कळत न्हाई?"

"तुला म्हाईत हुतं?"

"पट्टा चिरला त्या दिसापासनं."

"मग रोज त्याल कशाला लावत हुतीस?"

"तेवढाच वेळ तुमी गप बसून माझ्यापाशी बोलत हुता," अंजना म्हणाली. "मला काय, गुडघं तर गुडघं."

 हिंदुरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी भंडाऱ्याच्या नावावर खपवलं. माया किल्ली मुठीत धरून उभी होती. लहानपणी इंजिनाच्या गरम झाकणावर पेंगताना तिनं वडिलांच्या खांद्यावर पडणाऱ्या त्या थापा हजारदा बघितल्या होत्या, आणि दोन थापांनी आत्ता गाडी थांबलेली तिनं मोबाईलमधून बघितली होती. दिवा चुकला, आवाज वाया गेला, थाप पोचली होती.

तोवर धोंडुबाई मागून उतरून पुढं आली. तिला अर्धवट कळलं होतं, पण हवं ते कळलं होतं. तिनं लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला आणि मीटरच्या काचेवरचा भंडारा स्वतःच्या हातानं पुसून घेतला. लख्ख. मग पदरावर आलेला तो भंडारा तिनं भावाच्या दोन्ही कानांना लावला, आधी डाव्या, मग उजव्या.

"चुकीच्या ठिकाणी लावला हुता म्हण," ती म्हणाली. "उतर खाली, जरा निवू दे तिला."

सगळी बाभळीच्या सावलीला बसली. अंजनानं पिशवीतली, मायासाठी आणलेली शेव काढली. चाकांचा वास विरून गेला, मायानं हात लावून बघितला, चाकं निवली होती. मग ती वडिलांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. "सोमवारी मिरजेला जायचं, कानाची मशीन बघायला. आणि मशीन येईपर्यंत एकट्यानं चालवायची नाही. कबूल?"

"कबूल."

तिनं किल्ली त्यांच्या हातावर परत ठेवली. "देऊळ आता जवळच आहे. मी मागं बसते. आई पुढं."

हिंदुरावांनी तिच्याकडे बघितलं, थट्टा आहे का म्हणून. थट्टा नव्हती. ते उठून चाकामागं जाऊन बसले. किल्ली फिरवली. पुसलेल्या काचेवर सगळे दिवे लागले आणि एकेक विझत गेले. एक लाल राहिला, गोल, मधे उद्गारचिन्ह. त्यांनी दांडा खाली केला. तोही विझला. अंजनानं चाकाचा धोंडा काढून बाजूला टाकला, आत येऊन बसली, दार ओढून घेतलं. चौकटीतलं दाराचं चित्र गेलं.

हिंदुराव तरीही निघाले नाहीत. दोन्ही हात चाकावर ठेवून, समोर बघत, वाट बघत राहिले.

"आता काय राहिलं, आबा?" माया मागून म्हणाली.

अंजनाच्या ध्यानात आलं. तिनं हात पुसला आणि नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर एक थाप मारली. हिंदुरावांनी गिअर टाकला आणि गाडी देवळाच्या रस्त्याला लागली.